हिवरदऱ्याच्या तळ्याची इर्जिक

लालमहंमद मुलाण्याला सरळ रस्त्यानं चालता येत नसे. म्हणजे पाय धड होते, पण वाटेत जितकी दारं लागतील तितक्या दारांत त्याला थांबावं लागे. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीला पाहुणे येऊन गेले, कुणाच्या म्हाताऱ्याचा खोकला कुठवर आला, हे सगळं विचारून झाल्याशिवाय त्याला पुढचं पाऊल टाकवत नसे. खर्ड्याच्या बाजाराला सकाळी निघालेला हा माणूस बाजार उठताना पोचायचा आणि मग उरलीसुरली वांगी घेऊन हसत परत यायचा. गावात लहानथोर सगळे त्याला लालभाई म्हणत.

हिवरदरा हे खर्ड्याच्या डोंगराकडचं गाव, आणि लालभाई तिथला मुलाणी. गावात बकरं कापायचं तर सुरी त्याच्याच हातची लागे. त्याबद्दल त्याला वाटा मिळे आणि सुगीला खळ्यावर चार पायल्या ज्वारी. जमीन नव्हती, बैल नव्हते. दोन शेळ्या होत्या आणि मुबारकबी नावाची बायको होती. नवरा-बायको घरात दखनीत बोलत. पण मुबारकबी रागावली की मराठीत बोले. मराठीतलं भांडण शेजारणींनाही कळतं, त्यामुळे बाजू आपोआप भक्कम होते, असा तिचा अनुभव होता.

लालभाईला सगळ्यात आवडायची ती इर्जिक. एखाद्याची नांगरट अडली, बैल कमी पडले, की तो गावाला इर्जिकीला बोलवायचा. गाव आपापले बैल, औतं घेऊन यायचं आणि एका दिवसात त्याचं रान मोकळं करून द्यायचं. मजुरी नाही. मालकानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं आणि पुढं त्यांच्या इर्जिकीला आपण जायचं, एवढाच व्यवहार. औतामागं भलरीची गाणी म्हणत माणसं चालायची, दुपारी पंगत बसायची. बकऱ्याचं जेवण असलं की लालभाई पहाटेपासून हजर. काम झाल्यावर घरी जावं तर तेही नाही. बांधावर बसून संध्याकाळपर्यंत भलरी ऐकत राहायचा.

बहात्तरच्या दुष्काळानं ही इर्जिक मोडली. बैल छावणीत गेले, त्यातले निम्मेच परत आले. माणसं खडी फोडायला सरकारी कामावर गेली, तिथली सुकडी खाऊन जगली, आणि हजेरी लागल्याशिवाय कुदळ उचलायची नाही ही सवय लावून घेऊन घरी आली. त्यात त्यांचा दोष नव्हता. पण शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन नुसतं उभं राहायचं म्हटलं तरी लोक आता दहा वेळा विचार करायला लागले होते, आणि लालभाईला ते फार लागायचं.

दुसरं त्याला लागायचं ते तळं. गावाच्या वरच्या अंगाला, दोन डोंगरांच्या बेचक्यात जुनं तळं होतं. त्यातून निघणारा ओढा गावाजवळून खाली पिंपळखोरीकडे जायचा. वर्षानुवर्षं डोंगरावरची माती येऊन तळ्यात बसली होती. त्र्याहत्तर साली पाऊस बरा झाला, तळं भरलंसुद्धा. पण भरलं म्हणजे ताटात पाणी ओतावं तसं. संक्रांतीपर्यंत तळ्यात शेळ्या चरायला लागल्या आणि होळीला गावातल्या विहिरी खरवडायची वेळ आली. एक सरपंच काकासाहेबांच्या मळ्यातली विहीर तेवढी जिवंत राहिली. तिथून पाणी आणताना मुबारकबीच्या गुडघ्यांनी पार हाय खाल्ली.

तिचा मुलगा फक्रुद्दीन नगरला गवंडीकाम करायचा. सावेडीला तेव्हा नवे बंगले उठत होते आणि हाताला रोज काम होतं. त्यानं दोन खोल्या घेतल्या होत्या, नळ दारात होता. आई-वडलांना तो कधीचा बोलावत होता. एका दुपारी मुबारकबीनं हंडा उतरवला आणि मराठीत सांगितलं, "यंदा तळं उपसलं तर ऱ्हाते. न्हाई उपसलं तर मिरगाच्या आधी पोराकडं जाते. तुमी आले तर या."

लालभाई सावेडीला एकदा जाऊन आला होता. पोरानं मायेनं ठेवलं, सुनेनं हातात ताट दिलं. पण रस्त्यानं चार दारं हिंडून आला तर एकाही दारानं त्याला कोण म्हणून विचारलं नाही. इथं राहिलो तर मी मरेन, असं त्याला तिथं वाटलं होतं आणि ते तो कुणाला बोलला नव्हता. बायकोशिवाय हिवरदऱ्यात राहणं जमणार नव्हतं, आणि हिवरदऱ्याशिवाय जगणं. म्हणजे तळं उपसायलाच हवं होतं.

उपसणार कोण? तळ्यावर सरकारी काम निघायची वाट पाहण्यात गावानं दोन उन्हाळे घालवलेच होते. लालभाईच्या डोक्यात आलं, तळ्याचीच इर्जिक करावी.

पहिल्यांदा तो सरपंचांकडे, काकासाहेबांकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, इर्जिक कुणाची? कारण इर्जिकीला मालक लागतो. मालकाशिवाय इर्जिक म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. आता "माझी" म्हणावं, तर बिनजमिनीच्या मुलाण्याची इर्जिक म्हणून गाव पोट धरून हसलं असतं. लालभाईनं क्षणभर इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमचीच की. तळं तुमचं, इर्जिक तुमची."

काकासाहेबांच्या मिशा एकदम सैल झाल्या. येतो म्हणाले.

एका दारात चाललेलं औषध माणूस दुसऱ्या दारात वापरतोच. पुढं बायडाबाईकडे गेला. नवरा गेल्यावर एकटीनं शेत सांभाळलेली खमकी बाई; माहेर पिंपळखोरीचं. तिनंही तेच विचारलं, त्यानंही तेच सांगितलं. तीही खूष झाली. मग काय, वरची आळी झाली, खालची आळी झाली, वस्त्या झाल्या. दारोदार लालभाई सांगत गेला की तळं तुमचं, इर्जिक तुमची, अखितीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला तळ्यावर यायचं. एकही दार नाही म्हणालं नाही. गावात इतका जिव्हाळा आहे आणि आपण उगीच काळजी करत होतो, असं वाटून त्याचे डोळे भरून आले. मुबारकबीला त्यानं फुशारकीनं सांगितलं, की मिरगाच्या गाठोड्याची दोरी सोडून ठेव.

ठरल्या दिवशी तांबडं फुटायच्या आत लालभाई कुदळ घेऊन तळ्यात उतरला. माणसं यायच्या आधी थोडी माती उकरून ठेवावी, म्हणजे कामाला हुरूप येतो, असा त्याचा विचार. खणता खणता उजाडलं. वर बांधावर गलबला ऐकू आला म्हणून त्यानं मान वर केली.

काकासाहेब आले होते. धुवट धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, डोक्याला ठेवणीतला पटका; मागं सुनांच्या डोक्यावर पुरणपोळ्यांच्या दुरड्या. त्यांच्या मागं बायडाबाई, तिच्या गड्याच्या डोक्यावर आमटीची घागर. मग वरची आळी आली, सगळी पटक्यात, हातात गुळवणी, भात, तूप. खालची आळी आली, तीही नटूनथटून. खुद्द मुबारकबी आली, गूळ-फुटाण्याची टोपली घेऊन; मुलाण्याच्या घरचं शिजलेलं तेव्हा चालत नसे, गूळ-फुटाण्याला मात्र कुणाची ना नव्हती. बघता बघता बांध हंड्या-पातेल्यांनी भरून गेला. तिथं अख्खा तालुका जेवला असता. आणि बैल? बैल एकही नव्हता. कुदळ होती ती फक्त लालभाईच्या हातात.

सगळे एकमेकांकडे बघत होते. प्रत्येकजण दुसऱ्याच्या बैलांची वाट पाहत होता. कारण इर्जिकीत मालकानं कामाला हात लावायचा नसतो. मालकानं उभं राहून सगळ्यांची विचारपूस करायची, वाढायचं, आग्रह करायचा. ज्याला स्वतःच्या इर्जिकीत औत धरावं लागलं, त्याच्या हाकेला माणूस आलं नाही असा अर्थ होतो. ही रीत लालभाईला गावात सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक, आणि त्यानंच घरटी एक मालक तयार करून ठेवला होता.

हळूहळू उलगडा झाला. काकासाहेब बायडाबाईला म्हणाले, तुझे बैल कुठायत? ती म्हणाली, माझे कशाला, इर्जिक माझी आहे. मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. कुणी हसून खाली बसला, कुणी लालभाईच्या सात पिढ्या काढल्या. एक-दोघांनी सुचवलं की झालं ते झालं, उतरूया सगळे. पण आधी उतरणार कोण? जो आधी उतरेल तो गडी ठरणार आणि मागं राहील तो मालक. पटका बांधून आलेला माणूस एवढं सोसत नाही. ऊन चढायला लागलं, पुरणपोळ्यांवर माश्या बसायला लागल्या. लालभाई खड्ड्यात उभा होता आणि त्याला वर बघवत नव्हतं. मुबारकबी टोपलीवर पदर झाकून खाली बसली होती, आणि तिचं ते बसणं त्याला मराठीतल्या भांडणापेक्षा जड वाटत होतं.

शेवटी बायडाबाईनं तोंड उघडलं. तिचं म्हणणं सरळ होतं. गाव सगळं मालक आहे ना? असू द्या. मग गडी बाहेरून बोलवा. खाली पिंपळखोरी आहे, त्यांच्याकडे बैल आहेत, आणि इर्जिकीच्या बोलावण्याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

पिंपळखोरीचं नाव निघताच बांधावरची माणसं माना फिरवून दुसरीकडे बघायला लागली. काही वर्षांपूर्वी हिवरदऱ्यानं तळ्याचा बांध उंच केला, तेव्हा आमचं पाणी अडवलं म्हणून पिंपळखोरीची माणसं काठ्या घेऊन आली होती. तेव्हापासून सोयरीक बंद, जत्रेचं बोलावणं बंद. बायडाबाईनं माहेरचा उंबरा त्यानंतर पाहिला नव्हता. ओढा एकच, पण त्याच्या काठानं जाणं-येणं फक्त लालभाईचं होतं. त्याची सुरी दोन्ही गावांना लागायची.

तो वर आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, मी जातो. पण बोलावणं मालकानं द्यावं लागतं. सगळ्यांच्या नजरा काकासाहेबांकडे वळल्या. काकासाहेबांनी आधी लालभाईकडे जळजळीत पाहिलं, मग दुरड्यांकडे पाहिलं, मग पायात वहाणा घातल्या.

वाटभर ते दहा पावलं पुढंच चालले, आणि लालभाईला तर दारं नसलेली वाट तशीही लांबच वाटायची. पिंपळखोरीचा पाटील मच्छिंद्र वाड्यासमोरच्या लिंबाखाली केणीची फळी ठोकत बसला होता. माती ओढायची ती केणी. काकासाहेबांना बघून त्यानं हातोडा खाली ठेवला, पण बसा म्हणाला नाही. लालभाईनं पाण्यावरून, पिकांवरून सुरुवात करायचा प्रयत्न केला. काकासाहेबांनी त्याला हातानं थांबवलं.

"मच्छिंद्रराव, गावानं सैपाक करून ठिवलाय, आन खायाला मानूस न्हाई. आमची इर्जिक हाय. बैलं घिऊन या."

मच्छिंद्रनं कशाची इर्जिक ते विचारलं. तळ्याची म्हटल्यावर तो कडवट हसला. पण मग त्यानं ओढ्याच्या कोरड्या पात्राकडे पाहिलं. तळं गाळानं भरत गेलं तशा पिंपळखोरीच्या विहिरीही खाली गेल्या होत्या, हे त्यालाही दिसत होतं; एवढी वर्षं तोंडानं कबूल करायला मात्र कुणी आलं नव्हतं आणि गेलं नव्हतं.

"इर्जिकीला न्हाई म्हनायची आमच्यात रीत न्हाई," तो म्हणाला. "पर गाळ आमीबी नेनार."

"न्या," काकासाहेब म्हणाले.

उन्हं कलली तशी पिंपळखोरीची बैलजोड्यांची रांग ओढ्यानं वर आली. केण्या, गाड्या, फावडी, टोपली. बांधावरच्या मालकांनी इतका मोकळा श्वास टाकला की माश्यासुद्धा उडाल्या असतील. कामाआधी जेवायची रीत नाही, पण पुरणपोळ्या सकाळपासून ताटकळल्या होत्या, म्हणून आधी पंगत बसली. पिंपळखोरीच्या रांगेत बायडाबाईचा भाऊही आला होता; ती त्याच्या ताटात तूप ओतत राहिली आणि तो पुरे म्हणाला नाही. दोघांचे डोळे वाहत होते आणि दोघंही तिखट आमटीला दोष देत होते.

जेवण झालं, बैल तळ्यात उतरले. लालभाईनं आपली कुदळ उचलली आणि त्यांच्या मागोमाग निघाला. तेवढ्यात काकासाहेबांनी वरून हाक मारली.

"लालभाई, वर या. मालकानं हात लावायचा न्हाई."

लालभाई थांबला. त्याला वाटलं, सकाळचा राग काढतायत, गावासमोर टोमणा मारतायत. त्यानं काकासाहेबांचा चेहरा नीट पाहिला. टोमणा नव्हता. त्यांनी मुबारकबीच्या पुढची गूळ-फुटाण्याची टोपली उचलून त्याच्या हातात दिली आणि पाहुण्यांना वाटायला सांगितलं. इतक्या दारांत जाऊन तळं तुमचं म्हणून सांगून आलेल्या माणसाला, ते आपलंही आहे हे एकदासुद्धा सुचलं नव्हतं.  मग तो रांगेनं फिरला, प्रत्येकाच्या ओंजळीत गूळ-फुटाणे टाकत, प्रत्येकाच्या म्हाताऱ्याचा खोकला विचारत. तेवढा आनंद त्याला पुन्हा कधी झाला असेल तर मला माहीत नाही.

संध्याकाळी भलरी सुरू झाली. दोन्ही गावांची चाल एकच, पण शब्द थोडे वेगळे, आणि खरे शब्द कुणाचे यावरून केणी ओढता ओढता जोरदार वाद झाला. काठ्या आणून भांडलेली माणसं आता गाण्याच्या ओळीवरून भांडत होती.

पहिल्या दिवसाचा मान झाल्यावर दुसऱ्या दिवशी हिवरदऱ्यानं पटके खुंटीला अडकवले आणि आपले बैल जुंपले. आता ती इर्जिक राहिली नव्हती, नुसतं काम होतं, त्यामुळे कुणाची प्रतिष्ठा आड येत नव्हती. पंधरवडाभर गाळ निघत राहिला. दोन्ही गावांच्या रानात काळ्या मातीचे ढीग पडले. शेवटी तळाला मुरूम लागला तेव्हा तळं इतकं खोल दिसायला लागलं की बायका पोरांना जवळ जाऊ देईनात.

मग एक दिवस मच्छिंद्र हिवरदऱ्याला आला. ओढ्यावरचा त्यांचा दगडी बंधारा फुटला होता, त्याची इर्जिक धरली होती. त्याच्याही खालचं गाव तिथं राबायला येणार होतं, आणि त्यांनी निरोप धाडला होता म्हणे, की बंधाऱ्याचं झालं की सगळे आमच्याकडे या. इर्जिकीत ज्यांच्याकडे राबलो त्या मालकांना बोलवायचं, म्हणून मच्छिंद्र घरोघर फिरला. फिरत फिरत लालभाईच्या छपरापाशी आला आणि विचारलं, मालक आहेत का घरात? आजवर लालभाईला सुरी घेऊन ये असा निरोप यायचा. आत मुबारकबी भाकरी थापत होती, तिचा हात तसाच राहिला.

मृगाला चार दिवस उरले असताना फक्रुद्दीन टेम्पो घेऊन आला. आईनं घातलेली मिरगाची अट त्याला ठाऊक होती. त्यानं तळं पाहिलं, बापाची पाठ थोपटली, पण पोरगं हिशेबी होतं. म्हणाला, अब्बा, हा नुसता खड्डा आहे. पाणी येईल तेव्हा येईल. अम्माच्या गुडघ्यांनी तोवर काय करायचं? त्याचं खोटं नव्हतं.   लालभाई उठला आणि आपणच भांडी बाहेर काढायला लागला. पहिलं पातेलं टेम्पोत ठेवताना त्याला गावाकडे पाठ करून उभं राहावं लागलं.

मुबारकबी दारात उभी राहून ते बघत होती. दोन पातेली गेली, हंडा गेला. तिसऱ्या खेपेला ती पुढं आली आणि त्याच्या हातातला तवा काढून घेतला.

"कुठं निगाले?" ती मराठीत म्हणाली. शेजारणी लगेच दाराशी आल्या. "पिंपळखोरीच्या मानसांनी आपल्या तळ्यात आंग मोडलंय. त्यांची इर्जिक परवा हाय. त्ये फेडल्याबिगर गाव सोडलं तर लोक काय म्हनतील?"

फक्रुद्दीननं समजावलं, की परवा इर्जिक करून मग जाऊ. तेवढा टेम्पो थांबवतो.

"त्यांच्या खालचं गाव येनार हाय त्यांच्याकडं राबायला. मंग त्या गावाला आपुन," मुबारकबी म्हणाली. "त्याच्या खाली आनखी गाव हायेतच की. ओढा कुठवर जातो ते मला काय ठावं."

लालभाईनं तोंड फिरवून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. फक्रुद्दीन टेम्पोत चढला आणि हंडा खाली द्यायला लागला. परवाच्या दिवशी त्या टेम्पोनं पिंपळखोरीच्या बंधाऱ्याला दगड वाहिले आणि फक्रुद्दीननं स्वतः त्याचे दोन थर बांधून दिले. बाप शेजारी उभा राहून त्याला एकेक दगड देत होता.